शाळेची हद्द, घराचा भाव

शेजारशेजारची दोन घरं, मधून शाळेची हद्द. भावात फरक किती पडेल? अर्थतज्ज्ञ सॅण्ड्रा ब्लॅक यांनी बॉस्टनच्या उपनगरांत नेमकं हेच तपासलं. रस्ता, बाजार, वस्ती तीच. बदलते ती फक्त शाळा. १९९९ च्या त्यांच्या निबंधानुसार शाळेतल्या मुलांचे चाचणीतले गुण ५ टक्क्यांनी जास्त, तर घरासाठी लोक सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात.

सुरतेत घराच्या पत्त्यावरून शाळा ठरवणारी अशी सक्तीची हद्द नाही. पैसे असतील तर मूल स्कूल व्हॅनने पार दुसऱ्या टोकाला जातं, त्यामुळे भावावरचा शाळेचा ठसा पुसट होतो. अंतराला वजन येतं ते शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी. पण त्या दुर्बल घटकांच्या, आणि ही कुटुंबं बहुधा भाड्याने राहणारी. म्हणजे झळ लागलीच तर भाड्याला, असा माझा तर्क. लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी कुटुंबांना महापालिकेची मराठी शाळा जवळ हवी असते. तिचं मोल जंत्रीत, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरपत्रकात, वेगळं दिसत नाही. जंत्री भागवार दर ठरवते. १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीचे दर दुप्पट झाले, ते शाळा असलेल्या आणि नसलेल्या गल्लीत सारखेच.