हायड्रोजन कुणाच्या पानात?

ओहोटीच्या वेळी लोकल वाशीच्या पुलावर आली की नाकाला रुमाल लावता ना? आज त्या वासाचीच गोष्ट ऐका.

ठाणे खाडीच्या चिखलात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथे तिवरांची पानं, मेलेले मासे, आपलं सांडपाणी असं सगळं कुजत असतं आणि कुजता कुजता थोडा थोडा हायड्रोजन सुटतो. त्यासाठी अंधारात पंगत बसलेली असते. पहिल्या पानांवर असतात समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरणारे जिवाणू. भारी चपळ! वाढलं की फस्त. नाक मुरडायला लावणारा हायड्रोजन सल्फाइड त्यांचाच.

शेवटच्या पानांवर बसतात मिथेन करणारे. त्यांच्या मिथेनला वासच नाही, म्हणून त्यांचा पत्ता कुणाला लागत नाही. पण वयाने ते फार मोठे. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. यांचे पूर्वज त्याच्याही आधीचे. ऑक्सिजन त्यांना आजही सोसत नाही. दिसायला जिवाणूंसारखे, म्हणून शास्त्रज्ञही त्यांना जिवाणूच समजत होते. १९७७ साली अमेरिकेत कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या पेशींतला आरएनए ताडून पाहिला, तर घराणंच निराळं निघालं. त्या घराण्याला आज आर्किया म्हणतात.

खाडीत त्यांचं कसंबसं भागतं. सल्फेट संपलेल्या खोल थरात त्यांना हायड्रोजन मिळतो; वर असताना सल्फेटवाले ज्याला फारसे शिवत नाहीत अशा पदार्थांवर ते जगतात. हायड्रोजन मिळाला की मात्र त्यांची करामत बघावी. त्याचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घ्यायचा. मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन बाहेर सोडायचे. आपल्या रिक्षा ज्या सीएनजीवर धावतात, तो मुख्यतः मिथेनच.

आता खाडीपलीकडे चला, ट्रॉम्बेला. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्प उभा केला. भाजीचे देठ, उष्टं-खरकटं दळायचं, आधी गरम पाणी आणि हवा दिलेल्या टाकीत मुरवायचं, मग बिनहवेच्या बंद टाकीत सोडायचं. त्या बंद टाकीत राबतात ते हेच आर्किया. पण बायोगॅसमध्ये मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइडही बराच असतो आणि तो जळत नाही.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, वरून हायड्रोजन वाढला तर? डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या अवेडोर इथल्या सांडपाणी केंद्रात २०१६ साली असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. स्वित्झर्लंडच्या डिएटिकॉन गावात २०२२ साली असा कारखानाच सुरू झाला. साठ अंशांच्या वर उष्णता आवडणारे आर्किया बंद टाकीत पाळायचे आणि दोन्ही वायू त्यांना पुरवायचे. इथे पहिल्या पानांवर तेच! अडचण एकच: हायड्रोजन पाण्यात फार थोडा विरघळतो आणि विरघळल्याशिवाय तो यांच्या तोंडी लागत नाही. म्हणून टाकीत दाब वाढवायचा, जोरात घुसळायचं, बुडबुडे बारीक करायचे. यंत्रज्ञांचं सगळं डोकं त्यातच खर्च होतं.

पण पोरांनो, फुकट काही मिळत नाही. त्या मिथेनमधली ऊर्जा आली हायड्रोजनमधून आणि हायड्रोजन काढला पाण्यात वीज सोडून. ती वीज कोळशाची असेल, तर कोळसा जाळून गॅस करण्याचा हा द्राविडी प्राणायाम. दुपारचं ऊन किंवा रात्रीचा वारा यांची वीज गरजेपेक्षा जास्त झाली, तर ती मिथेनच्या रूपात साठवता येते आणि हिवाळ्यात वापरता येते. जाळल्यावर सुटतो तो टाकीत घातला तेवढाच कार्बन डायऑक्साइड. मात्र न जळता गळालेला मिथेन हवा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो, म्हणून नळीचा प्रत्येक सांधा घट्ट हवा.

तेव्हा धुरापासून इंधन करतो असं कुणी सांगितलं, तर त्याला आधी एवढंच विचारा: हायड्रोजन कुठून आणलास?