गाडी हुशार असली, तरी कासरा आपल्याच हाती



पूर्वी बाजार करून परतताना गाडीवानाचा डोळा लागला, तरी बैल त्याला बिनचूक गोठ्यापर्यंत आणून सोडत. हल्लीच्या नव्या मोटारींबद्दल अनेकांचा तसाच समज झालेला दिसतो. चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे 'एडास'च्या गाड्या आता आपल्या गावांतही येऊ लागल्या आहेत. पुढच्या काचेमागचा कॅमेरा व बहुतेक गाड्यांत पुढे बसवलेला रडार यांच्या जोरावर ही गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, पट्ट्यात राहण्यासाठी स्टिअरिंग हलवते आणि धडकेची शक्यता दिसली तर ब्रेकही लावते. सोय चांगली आहे, यात वाद नाही. पण ती बैलासारखी रस्ता ओळखत नाही.

गेल्या हंगामात मावसभावाच्या नव्या गाडीतून कराडहून रात्री परत येत होतो. त्यानं वेग ८० वर लावून पाय मोकळे सोडले होते. पुढे उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी ओरडलो, "दादा, ट्रॉली!" गाडीनं ना इशारा दिला, ना वेग कमी केला. त्यानं करकचून ब्रेक दाबला, तेव्हा चार हातांवर थांबलो. पाणी प्यायल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, ती थांबंल."

बंधूंनो, अपघात होतो तो या 'वाटलं'मुळेच.

ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पुढे चाललेलं वाहन या यंत्रणेला चांगलं कळतं, पण वेगात असताना रस्त्यात उभी असलेली वस्तू ती कित्येकदा सोडून देते. नाहीतर प्रत्येक पाटी आणि पूल बघून तिनं ब्रेक लावला असता. शिवाय मागे लोंबणारा ऊस, बैलगाडी, शेरडांचा कळप, आडवी आलेली म्हैस या गोष्टी तिला ओळखता येतीलच याची खात्री नाही. गावच्या रस्त्याला पांढरे पट्टे नसतात, तिथं पट्टा राखणारी सोयही कामाची नाही.

तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) औषधाच्या डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय आपण फवारणी करत नाही. तसंच गाडीची पुस्तिका वाचावी. कोणती सोय किती वेगापर्यंत चालते, कुठे चालत नाही, हे त्यात दिलेलं असतं.

२) दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. इशारा बंद व्हावा म्हणून स्टिअरिंगला बाटली अडकवण्याचा खेळ जिवावर बेतेल.

३) वेग आपोआप राखणारी सोय मोठ्या, मोकळ्या रस्त्यावरच वापरावी. गावातून जाताना, घाटात, धुक्यात, जोराच्या पावसात ती बंद ठेवावी.

४) चिखल-धूळ बसली की यंत्रणा आंधळी होते. निघताना काच आणि पुढचा भाग ओल्या फडक्यानं पुसावा. पुढची काच बदलली, तर कॅमेऱ्याची जुळणी करून घ्यावी.

५) घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी देताना कोणती सोय चालू आहे, हे आधी सांगावं.

शेवटी आपल्याच पदरातली गोष्ट. आज गाडीत बसणारा उद्या ट्रॉलीचा मालकही असतो. ट्रॉलीला मागे लाल, पुढे पांढरी चकाकणारी पट्टी लावा, मागचे दिवे चालू ठेवा. बंद पडली तर रस्त्याच्या कडेला घ्या आणि मागे बऱ्याच अंतरावर इशारा ठेवा. खर्च थोडका आहे. यंत्राला दिसो न दिसो, माणसाला तरी ती दिसली पाहिजे.