शेगडीची ज्योत पिवळी का होते?

लोहाऱ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एकच तक्रार निघाली: भांडी काळी होतात, सिलिंडर लवकर संपतं. आम्ही शेगडी पेटवून पाहिली, तर ज्योत पिवळी.

ज्योत निळी हवी. पिवळी म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. मग काजळी धरते, विषारी वायूही होऊ शकतो. बहुतेक वेळा दूध-वरण उतू जाऊन बर्नरची भोकं बुजलेली असतात. रेग्युलेटर बंद करा, शेगडी थंड होऊ द्या. बर्नर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून घासा, भोकं पिनेने मोकळी करा, पूर्ण वाळल्यावरच बसवा. आतल्या जेटमध्ये मात्र सुई घालू नका. भोक मोठं झालं तर गॅस जास्त येतो. तरीही ज्योत पिवळीच राहिली, तर मेकॅनिकला दाखवा.

गॅसचा वास आला तर? आमच्यातली एक जण तेव्हाही काडी ओढणार होती. शेजारणीने हात धरला म्हणून वाचली. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. काडी नको, लाइटचं बटणही नको. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लेकरांना घेऊन बाहेर या आणि १९०६ वर फोन लावा. हा नंबर आजच चुलीमागच्या भिंतीवर नको, दाराजवळ लिहून ठेवा.