स्की भाड्याची, पारख मात्र स्वतःची!

गुलमर्गच्या उतारावर पहिल्या हिवाळ्यात पडत-धडपडत स्कीइंगचे धडे गिरवलेला पर्यटक दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तेथे पोहोचतो, तेव्हा त्याची चाल बदललेली असते. स्कीची पुढची टोके जवळ आणून आणि मागची टोके फाकवून वेग रोखण्याची ‘स्नो-प्लाऊ’ पद्धत त्याला जमू लागलेली असते आणि वळणाच्या अखेरीस दोन्ही स्की समांतर येऊ लागतात. साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानात मात्र त्याच्या हाती बहुधा दोनपैकी एक जोडी पडते. एक म्हणजे गेल्या वर्षीसारखीच आखूड आणि मऊ. नाही तर ‘मला चांगले येते’ असे त्याने सांगितल्यामुळे दिलेली लांब आणि ताठ. पहिल्या जोडीने प्रगती खुंटते, दुसरीने गुडघा गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणूनच नवशिक्या राहिलेला नाही, पण तरबेजही झालेला नाही, अशा मधल्या टप्प्यावरील स्कीअरने भाड्याच्या साहित्याची पारख करायला शिकणे अगत्याचे ठरते.

आधी बूट, मग स्की

दुकानात शिरताच सर्वांची नजर रंगीबेरंगी स्कींकडे वळते. प्रत्यक्षात अधिक वेळ द्यायला हवा तो बुटांना. पायाची प्रत्येक हालचाल बुटामार्फतच स्कीपर्यंत पोहोचते. बूट सैल असेल, तर उत्तमोत्तम स्कीही हुकूम ऐकत नाही.

स्कीच्या बुटाचे माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधील लांबी. पाऊल २६.५ सेंटिमीटर असेल, तर बूटही २६.५ मापाचा. घरूनच पाऊल मोजून नेले, तर निम्मे काम सोपे होते. बूट बसतो की नाही, हे पाहण्यासाठी आतले मऊ अस्तर काढून नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाऊल घालावे. बोटे पुढे टेकवल्यावर टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली, तर माप योग्य समजावे. अस्तरासह बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकावीत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती मागे सरकावीत. टाच मात्र कोणत्याही स्थितीत वर उचलली जाता कामा नये.

थंडीच्या धास्तीने दोन-तीन मोजे चढवण्याची आपल्याकडे सवय आहे. स्कीइंगमध्ये ती हमखास नडते. जाड मोज्यांमुळे पाय आवळला जातो, रक्ताभिसरण मंदावते आणि पाय उलट अधिक गारठतात. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा एकच पातळ मोजा पुरेसा असतो.

बुटाच्या ताठपणाचा आकडाही त्यावर छापलेला असतो. नवशिक्या पुरुषांना साधारण ६० ते ८०, तर प्रगती करणाऱ्यांना ८० ते १०० आकड्याचे बूट मानवतात. स्त्रियांसाठी हे आकडे सुमारे १०ने कमी धरावेत. प्रत्येक कंपनीचे मोजमाप वेगळे असल्याने त्यावर सर्वस्वी विसंबू नये. बूट घालून गुडघे पुढे झुकवता आले पाहिजेत, हीच खरी कसोटी!

उंची पाहा, वजनही पाहा

जुन्या पिढीचे स्कीअर हात वर केल्यावर मनगटापर्यंत पोहोचेल एवढी लांब स्की निवडत. तो काळ सरळ आकाराच्या स्कींचा होता. स्लोव्हेनियातील ‘एलान’ कंपनीची ‘एससीएक्स’ ही कमरेत निमुळती होणारी स्की १९९३ मध्ये आली आणि पुढच्या काही वर्षांत सगळे चित्र पालटले. कडेवर कलताच आपसूक वळणारी ही स्की आखूड असूनही स्थिर राहते. त्यामुळे जुना सल्ला आज लागू पडत नाही.

आज नवशिक्याला हनुवटीपर्यंत येणारी, तर प्रगतीच्या वाटेवरील स्कीअरला नाक ते कपाळ या दरम्यान पोहोचणारी स्की सुचवली जाते. १७० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही लांबी साधारण १५५ ते १६५ सेंटिमीटर होते. मात्र स्कीला उंची कळत नाही, वजन कळते. स्की वाकते ती अंगावरच्या भाराने आणि वळते ती वाकल्यामुळे. म्हणून उंच पण शिडशिडीत व्यक्तीने या मर्यादेतील आखूड स्की घ्यावी, वजनदार व्यक्तीने लांब. पुढचे टोक बरेच वर उचललेली, म्हणजे ‘रॉकर’ प्रकारची स्की असेल, तर बर्फाला टेकणारी कड कमी होते; तेव्हा थोडी अधिक लांबी चालते.

स्कीवरचे आकडे काय सांगतात?

बहुतेक स्कींवर ‘१२१-७४-१०४’ अशासारखे तीन आकडे छापलेले असतात. ही अनुक्रमे पुढचे टोक, मध्यभाग आणि मागचे टोक यांची मिलिमीटरमधील रुंदी. त्यातील मधला आकडा, म्हणजेच स्कीची ‘कंबर’, सर्वांत महत्त्वाचा. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर ८० मिलिमीटरपेक्षा कमी कंबर सोयीची, कारण अशी स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन येते. ८० ते ९० मिलिमीटरची स्की मिश्र बर्फावर चालते. १०० मिलिमीटरच्या पुढची स्की ताज्या, भुसभुशीत बर्फावर तरंगण्यासाठी घडवलेली असते. कठीण बर्फावर ती कडेवर आणायला अधिक जोर लागतो आणि तो ताण थेट गुडघ्यावर येतो.

गुलमर्गमध्ये हा फरक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गावालगतचे उतार सौम्य आहेत. गोंडोलाचा दुसरा टप्पा मात्र सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत अफरवट शिखराच्या अंगाने नेतो आणि तेथील विस्तीर्ण उतार नैसर्गिक बर्फाचेच आहेत. जगभरातील निष्णात स्कीअर तेथे रुंद स्की घेऊन येतात. त्यांचे पाहून तशीच जोडी मागण्याचा मोह नवख्यांना होतो. पण रुंद स्की म्हणजे वरच्या उताराचा परवाना नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडच्या २ स्कीअरना प्राण गमवावे लागले होते. समांतर वळणे अजून पक्की व्हायची असतील, तर खालचे उतार आणि ७० ते ८० मिलिमीटरची स्की हीच योग्य जोडी.

चौथा आकडा वळणाच्या त्रिज्येचा. १२-१३ मीटर त्रिज्येची स्की छोटी, झटपट वळणे घेते. १७-१८ मीटरची स्की लांब, संथ वळणांसाठी असते. शिकणाऱ्याला १३ ते १६ मीटर त्रिज्या मानवते.

बाइंडिंग : येथे खोटे बोलू नये

बुटाला स्कीशी जोडणारे आणि पडताना त्यातून सोडवणारे यंत्र म्हणजे बाइंडिंग. ते किती जोर आल्यावर सुटावे, हे त्यावरील आकड्याने ठरते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची धाटणी या पाच गोष्टींवरून तक्त्यानुसार हा आकडा काढला जातो. धाटणीचे तीन वर्ग आहेत : सावध, मध्यम आणि आक्रमक. पन्नाशी गाठलेल्यांसाठी आकडा एक पायरी खाली आणला जातो.

दुकानदार हे प्रश्न विचारतो, तेव्हा वजन कमी सांगणे किंवा कौशल्य फुगवून सांगणे अंगाशी येऊ शकते. आकडा गरजेपेक्षा मोठा असेल, तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि पाय पिरगळतो. फार लहान असेल, तर भर वेगात स्की नको तेव्हा निसटते. दुकानदाराने काहीच न विचारता जोडी पुढे केली, तर ही माहिती आपणहून सांगावी आणि आकडा जुळवून घ्यावा. आकडा एका विशिष्ट बुटासाठी असतो. त्यामुळे बूट बदलल्यास बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्यावे लागते. मित्राशी परस्पर अदलाबदल करणे धोक्याचे!

सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगीचे हाड मोडण्याचे प्रमाण खूप घटले, हे खरे. गुडघ्यातील अस्थिबंधांना मात्र त्यांचे तेवढे संरक्षण मिळत नाही. म्हणूनच न झेपणारी लांब, ताठ स्की टाळणे हाच गुडघ्याचा पहिला बचाव ठरतो.

कडा, तळ आणि ब्रेक

जोडी घेताना दोन मिनिटे तपासणीसाठी राखून ठेवावीत. धातूच्या कडेवर नख हलकेच आडवे ओढल्यास त्याचा बारीक कीस निघाला पाहिजे. नख नुसतेच घसरले, तर कड बोथट आहे आणि सकाळच्या टणक बर्फावर ती पकड देणार नाही. तळ पांढुरका, कोरडा दिसत असेल, तर मेण लावून मागावे. बूट बसवल्यावर ब्रेकचे दोन्ही दांडे वर जातात आणि काढल्यावर खाली येतात, हे पाहावे. उतारावर बूट बसवण्यापूर्वी तळव्याला चिकटलेला बर्फ झाडावा; तो तसाच राहिला, तर बाइंडिंग नीट काम करत नाही.

बदलून घ्यायला संकोच नको

पूर्ण आठवड्यासाठी एकच जोडी बांधून घेण्यापेक्षा पहिल्या दिवशी ती वापरून पाहावी आणि बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. थोडा वेग वाढताच स्कीची टोके थरथरू लागली, तर ती फार मऊ किंवा आखूड आहे. वळण सुरूच होत नसेल, मांड्या लवकर भरून येत असतील आणि अंगाचा तोल सतत मागे जात असेल, तर ती बहुधा फार ताठ किंवा लांब आहे. बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशामुळे पडला हे उमगते. सकाळी टणक असलेला बर्फ दुपारी मऊ होतो, हेही निर्णयापूर्वी लक्षात घ्यावे.

थोडक्यात, चांगली भाड्याची स्की म्हणजे दुकानातील सर्वांत महागडी स्की नव्हे. आज जे येते ते निर्धास्तपणे करू देणारी आणि उद्या जे शिकायचे आहे त्याला अडवणार नाही, अशी जोडी ती खरी. ती मिळवण्यासाठी आपले माप, आपले वजन आणि आपले कौशल्य या तिन्ही गोष्टी खऱ्या सांगण्याची तयारी तेवढी हवी!