मुतखडा : कळ थांबली, तरी काम संपत नाही

रात्रीचे अडीच वाजलेले. चेन्नईचा मे महिना. डोक्यावर पंखा गरगरत असतो, पण वारा कोमटच. अशा वेळी झोपलेला माणूस एकदम दचकून उठतो. पाठीकडून, बरगडीच्या खालून कळ उठते आणि कुशीतून थेट जांघेपर्यंत उतरते. बसवत नाही, उभे राहवत नाही, आडवे पडावे तर त्याहून वाईट. अंगाला दरदरून घाम, पाठोपाठ ओकारी. बायको घाबरून विचारते, "अहो, छातीत तर दुखत नाही ना?" तो नुसती मान हलवतो. बोलायलाही त्राण नसते.

ही गोष्ट कुणा एकाची नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातून सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी कितीतरी मराठी कुटुंबे देशभर पांगली. तमिळनाडूतही ती पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशाच एखाद्या घरातला कर्ता पुरुष डोळ्यांसमोर आणा. चेन्नईच्या साहुकारपेठेत छोटेसे दुकान, दिवसभर भट्टीची धग, बाहेर समुद्रकाठची दमट उष्णता. घामाने सदरा भिजतो, पण हातातले काम सोडून पाणी प्यायला उठायचे राहून जाते. लघवीला दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. त्या रात्रीची कळ अशी महिनोन्‌महिने मुकाट्याने तयार होत असते.

आवाज ऐकून शेजारच्या अक्का दार ठोठावतात. त्याचा हात कुठे आहे हे पाहताच त्या म्हणतात, "कल!" तमिळमध्ये कल म्हणजे दगड. भाषा वेगळी, पण दुखणे ओळखीचे.

एवढासा खडा, एवढी कळ का?

मूत्रपिंड रक्तातील टाकाऊ क्षार लघवीवाटे बाहेर टाकते. पाणी भरपूर असेल तर हे क्षार विरघळलेले राहतात. पाणी कमी पडले की लघवी घट्ट होते आणि क्षारांचे बारीक स्फटिक एकमेकांना चिकटू लागतात. पाकात पाणी कमी झाले की साखर दाणेदार होऊन तळाशी बसते, तसाच हा प्रकार. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक आम्लाचे असतात, तर काही जंतुसंसर्गामुळे होतात.

खडा मूत्रपिंडात स्वस्थ बसलेला असतो तोवर पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की दुखणे सुरू होते. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी ही नळी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब आणि आतून अवघी तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात तीन ठिकाणी आणखी अरुंद जागा आहेत. तिथे खडा अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि खडा पुढे ढकलण्यासाठी नळी पिळवटून आकुंचन पावते. म्हणून ही कळ लाटेसारखी येते, ओसरते आणि पुन्हा येते.

त्या रात्री काय करावे?

घरगुती काढे करीत सकाळची वाट पाहू नये, रुग्णालय गाठावे. पोटातील अशी कळ अपेंडिक्सचीही असू शकते, पन्नाशी ओलांडलेल्या माणसात रक्तवाहिनीच्या गंभीर आजाराचीही. निदान डॉक्टरांनीच करायला हवे. वेदना आणि सूज कमी करणारे इंजेक्शन मिळाले की बहुतेकांना अर्ध्या-पाऊण तासात उतार पडतो. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी ढोसल्याने खडा धुऊन निघेल, हा समज चुकीचा आहे. त्याने उलट्या मात्र वाढतात.

त्यानंतर लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन. सोनोग्राफीत खडा किती मोठा आहे आणि मूत्रपिंडाला सूज आली आहे का, हे कळते. सीटी स्कॅनमध्ये लहानसा खडाही नेमका कुठे आहे ते दिसते.

मात्र काही लक्षणे दिसली तर क्षणभरही थांबू नये. थंडी वाजून ताप येणे, लघवी पूर्ण बंद होणे, उलट्या न थांबणे, रुग्णाला एकच मूत्रपिंड असणे किंवा रुग्ण गरोदर असणे. तुंबलेल्या लघवीत जंतू शिरले तर काही तासांत जिवावर बेतू शकते. कळ थांबली, पण ताप चढला, तर "आता बरे आहे" असे म्हणून घरी बसणे धोक्याचे.

वाट पाहण्याचे दिवस

आपल्या गलाईवाल्याचा खडा चार मिलिमीटरचा, मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी आलेला निघाला, असे समजू. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांपैकी साधारण निम्मे पडतात. डॉक्टर वेदनाशामक गोळ्या आणि नळी सैल करणारे औषध देऊन त्याला घरी पाठवतात. दोन-चार आठवडे वाट पाहायची आणि मध्ये पुन्हा तपासणी करून घ्यायची.

हे दिवस घराची परीक्षा पाहतात. कळ पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो. त्याला दुकानात एकट्याने बसायची धास्ती वाटते, बायकोला रात्री झोप लागत नाही. गावाहून आईचा फोन येतो, "कुळथाचे कढण दे त्याला." शेजारच्या अक्का केळीच्या खुंटाच्या गाभ्याचा रस आणून देतात. तमिळ घरांत या गाभ्याला वाळैत्तंडु म्हणतात. त्याची भाजीही होते, आणि मुतखड्यावर तो द्यायचा ही तिकडची जुनी रीत. कुळीथ काय किंवा केळीचा गाभा काय, आहारात घ्यायला बहुतेकांना हरकत नाही. पण अडकलेला खडा त्यांनी नक्की विरघळेल, असे मानून तपासणी टाळणे परवडणारे नाही. आठवडेच्या आठवडे तुंबलेले मूत्रपिंड एकही कळ न देता निकामी होऊ शकते.

या दिवसांत एक काम घरच्यांनी आवर्जून करावे. लघवी गाळणीतून किंवा तलम फडक्यातून गाळावी. आणि एके सकाळी जराशी जळजळ होऊन गाळणीत टिच्‌ असा आवाज होतो. बाजरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, काटेरी खडा! एवढ्याशा वस्तूने घर हलवले होते, यावर विश्वास बसत नाही. तो फेकून देऊ नये. स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांकडे न्यावा. खडा कशाचा बनला आहे हे कळले, तर पुढचा कसा टाळायचा हेही कळते.

शस्त्राची भीती कशी गेली

सगळेच इतके सुदैवी नसतात. मोठा खडा आपोआप पडत नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अश्मरी, म्हणजे मुतखडा, आणि तो काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. पण ही शस्त्रक्रिया राजाची परवानगी घेऊनच करावी, असेही तिथे बजावले आहे. रुग्ण वाचेलच याची खात्री नव्हती. विसाव्या शतकातही बराच काळ मुतखड्यासाठी कूस उघडावी लागे आणि रुग्ण कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राही.

चित्र पालटले ते १९८० साली. जर्मनीतील म्युनिक शहरात ७ फेब्रुवारीला डॉ. ख्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराला कुठेही छेद न देता, बाहेरून सोडलेल्या आघात-लहरींनी मूत्रपिंडातील खडा फोडला. हे यंत्र डॉर्निए या विमाने बनविणाऱ्या कंपनीचे. वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करताना या लहरींची ताकद ध्यानात आली होती.

आज खड्याचा आकार आणि जागा पाहून उपाय ठरतो. लहान खडे लहरींनी फोडता येतात. मूत्रवाहिनीतला खडा लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण घालून लेसरने फोडतात. फार मोठा असेल तर पाठीला लहानसे छिद्र पाडून काढतात. चेन्नईत खासगी रुग्णालयांबरोबरच सेंट्रल स्टेशनसमोरच्या राजीव गांधी शासकीय रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणीही मूत्ररोग विभाग आहे.

उपचारानंतर कित्येकदा मूत्रवाहिनीत एक मऊ नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. ती असेपर्यंत लघवीला वारंवार जावे लागते, थोडे रक्तही दिसते. ते तात्पुरते असते. पण दुखणे थांबले म्हणून स्टेंट काढायची तारीख विसरणारेही असतात. मग त्या नळीवरच क्षार साचतात आणि नवे संकट उभे राहते. ही तारीख घरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी.

चेन्नईच्या उन्हाचा धडा

खडा पडला, पेढे वाटले, आणि महिन्याभरात सारे पहिल्यासारखे. खरी चूक होते ती इथे. ज्याला एकदा खडा झाला, त्याला काळजी न घेतल्यास दहा वर्षांत पुन्हा होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. खडा निघतो, पण तो घडवणारी सवय तशीच राहते.

चेन्नईच्या पोरूर भागातील श्री रामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी दक्षिण भारतातील एका पोलाद कारखान्यातील कामगारांची पाहणी केली. ती २०२० साली प्रसिद्ध झाली. भट्टीच्या कडक उष्णतेत काम करणाऱ्यांमध्ये मुतखड्याचा धोका जास्त असल्याचे तिच्यात दिसले. याच संस्थेने २०१६ साली कष्टकरी स्त्रियांविषयी जे मांडले, ते प्रत्येक घराने वाचावे असे आहे. कामाच्या जागी धड स्वच्छतागृह नसते, म्हणून बाया पाणीच कमी पितात आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात. शाळेतल्या मुली, बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या, दिवसभर दौऱ्यावर असणाऱ्या नोकरदार स्त्रिया, सगळ्यांची हीच कथा. "पाणी प्या" असे सांगणे सोपे. ते पिता येईल अशी सोय करणे हे मालकाचे, शाळेचे आणि नगरपालिकेचेही काम आहे.

चेन्नईला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरविणारे चारही मोठे जलाशय कोरडे पडले होते आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बायका रात्री घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. पाणी मोजून वापरायची वेळ आली की घरातली बाई सर्वांत आधी स्वतःच्या पिण्याचे पाणी कमी करते. काटकसर इतर कशातही करावी, पिण्यात नको.

किती प्यावे? पेले मोजण्यापेक्षा लघवी मोजावी. दिवसाकाठी अडीच लिटर तरी लघवी व्हायला हवी आणि तिचा रंग फिकट, पाण्यासारखा असावा. त्यासाठी साधारण तीन लिटर पाणी लागते, चेन्नईच्या उन्हात आणि भट्टीसमोर त्याहून जास्त. रात्री झोपण्यापूर्वीही पेलाभर प्यावे. इटलीत डॉ. बोर्गी यांनी एकदा खडा झालेल्यांचे पाच वर्षे निरीक्षण केले. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला : भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. मात्र हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ताटात काय असावे?

खड्यात कॅल्शियम असते म्हणून दूध-दही बंद करणारे पुष्कळ. हे उलटेच आहे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले की मोकळे ऑक्झलेट रक्तात आणि मग लघवीत उतरते. बोर्गी यांच्याच २००२ सालच्या अभ्यासात दूध तोडणाऱ्यांपेक्षा कॅल्शियम नेहमीइतके घेऊन मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांना निम्म्यानेच खडे झाले.

तेव्हा ताक-दही चालू द्यावे. मीठ मात्र कमी : पापड, लोणचे, सुकी मासळी, फरसाण यांवर हात आखडावा. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असेल तर पालक, अळू, बीट, बदाम, शेंगदाणे यांचा अतिरेक टाळावा. टोमॅटोच्या बियांचा खडा होतो, ही निव्वळ समजूत. लिंबू चांगले, कारण त्यातील सायट्रेट क्षारांना एकत्र येऊ देत नाही. लिंबूपाण्यात साखर-मीठ मात्र नाममात्रच असावे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. सहा महिने-वर्षाने एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.

साहुकारपेठेतल्या त्या दुकानात आता भट्टीशेजारी पाण्याची बाटली भरून ठेवलेली असावी. दुपारी ती रिकामी झाली की पोऱ्याने न सांगता पुन्हा भरावी. संध्याकाळी दार उघडताना बायकोने "आज किती धंदा झाला?" या आधी "आज किती बाटल्या झाल्या?" असे विचारावे. मे महिन्यातली ती रात्र पुन्हा या घरात येऊ नये, यासाठी एवढे पुष्कळ आहे.