मांजराचं बिऱ्हाड चाकांवर

दसरा झाला की कडा, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या हलू लागतात. मुकादमाची गाडी दारात लागते आणि पाच-सहा महिन्यांचा संसार तिच्यात चढतो. कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, बाजरीची पोती, सरपण, भांडी, गोधड्या, एखादी शेळी, डालग्यातल्या कोंबड्या. सगळं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर उतरतं. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि चाकांवरच्या घराची चर्चा शहरांत सुरू झाली. कड्याच्या माणसांना असं घर दोन-तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे.

या संसारात मांजराचं काय करायचं, हा प्रश्न बहुधा निघायच्या सकाळीच पडतो. कुत्रं माणसांमागं गाडीत उडी मारतं. मांजर मात्र सामानाची हलवाहलव सुरू होताच माळवदावर किंवा सरपणाच्या ढिगात दडून बसतं आणि पोरं रडत राहतात. त्याचं हे दडणं शहाणपणाचंच असतं. पाळीव मांजर हे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचं वंशज. एकट्यानं शिकार करणाऱ्या या प्राण्याला आपला इलाखा पाठ असणं म्हणजेच जगणं. त्याच्या गालांवर आणि हनुवटीवर गंधग्रंथी असतात. उंबरा, चुलीची कड, आपला पाय अशा ठिकाणी गाल घासत फिरताना ते रोज तो इलाखा नव्यानं नोंदवत असतं. सामान उचललं की त्या खुणा पुसल्या जातात.

म्हणून मांजर घरावर जीव लावतं, माणसांवर नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन विटाली यांनी मांजरांना अनोळखी खोलीत एकटं ठेवून नंतर मालकाला आत पाठवलं. 2019 मध्ये छापून आलेल्या या प्रयोगात सुमारे 65 टक्के मांजरं मालक परतल्यावर निवांत झाली आणि आजूबाजूला हुंगत हिंडू लागली. माणसाचा आधार त्यांना पुरतो. पण माणूस गाडी चालवत किंवा सामान सावरत असताना मांजराला बरोबर नेता येईल अशी एक न बदलणारी जागाही लागते. प्रवासातली त्याची सुरक्षितता मुख्यतः या एका जागेवर ठरते.

शहरात यासाठी प्लॅस्टिकचा पिंजरा मिळतो. गावात बुरुडाकडच्या दोन सारख्या पाट्या तोंडाला तोंड लावून चारही बाजूंनी सुतळीनं आवळल्या तर तेच काम भागतं. हवा खेळते, आत अंधार राहतो. शिवाय वरची पाटी उचलली तर मांजर खालच्या पाटीत बसलेलंच राहतं. वरचा भाग सुटा होणारा पिंजरा घ्या असं पशुवैद्य सांगतात ते याचसाठी. ओढून बाहेर काढावं लागलं की मांजर ओरबाडतं. तळाशी घरातली वापरातली गोधडी घाला, आणि तिच्यावर घराचा वास असतो म्हणून ती धुऊ नका. पाटी निघायच्या दिवशी आणून उपयोग नाही. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात 22 मांजरांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना सहा आठवडे, दर वेळी थोडा थोडा खाऊ देत, पिंजऱ्याची सवय लावली. बाकीची तशीच राहिली. पुढे गाडीतून नेताना सवय झालेल्या मांजरांवरचा ताण कमी दिसला आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. हा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. गणपतीतच पाटी ओसरीवर ठेवून रोजची भाकर-दुधाची वाटी तिच्यात सरकवली तर दसऱ्यापर्यंत मांजर आपणहून तिच्यात झोपायला लागण्याची चांगली शक्यता असते.

मांजर पिलांना सात घरं हिंडवतं म्हणतात. आई मानगूट धरते तेव्हा पिलू अंग चोरून ढिलं पडतं, कारण त्या दाबाला तशी प्रतिक्रिया लहानपणी उपजतच असते. वाढलेल्या मांजराला मात्र कधी मानगुटीनं उचलू नये. तेव्हा ते शांत दिसलं तरी भेदरलेलं असतं.

गाडीत मांजर मांडीवर घेऊन बसायचा मोह सगळ्यांना होतो. इथे थोडं गणित करू. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली तर मोकळ्या मांजराचा फटका साधारण 14 मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. आदळलीच नाही तरी बिथरलेलं मांजर चालकाच्या पायाशी, ब्रेकच्या पट्टीखाली शिरतं. ट्रॉलीत तर ते सरळ रस्त्यावर उडी घेतं. नगर-जामखेड रस्त्यावरच्या रात्रीच्या वर्दळीत मग त्याला शोधायचं कुठे? पाटी सामानाच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी गोधड्यांची वळकटी लावून घट्ट बसवा. ट्रॉलीच्या पत्र्याला ती टेकू देऊ नका, पत्रा तापतो आणि थरथरतो. निघण्याआधी चार-पाच तास खायला न दिलं तर उलटी टळते. पाणी तोडू नका.

जातानाची रात्र निभावते. परतीचा प्रवास मार्च-एप्रिलमधला, आणि मराठवाड्यातलं तेव्हाचं ऊन वेगळं सांगायला नको. मांजराला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. एरवी ते अंग चाटून, लाळ वाळवून स्वतःला थंड ठेवतं. कुत्र्यासारखं जीभ बाहेर काढून धापा टाकताना दिसलं तर त्याची सहनशक्ती संपत आली आहे असं समजा. बंद मोटारीचं तर बोलायलाच नको. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये मोजून दाखवलं की उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी चढतं, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते आणि काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. पुण्याहून सुटीला गावी येणाऱ्यांनी ढाब्यावर जेवायला उतरताना हे आकडे आठवावेत. ट्रॉलीत ओलं गोणपाट पाटीच्या अर्ध्या भागावर टाका. वारा लागत असेल तर बाष्पीभवनानं आतली हवा उतरते. मांजर गळून पडलं तर अंगावर साधं पाणी शिंपडा, बर्फाचं नको, आणि लगोलग दवाखाना गाठा.

औषधांच्या बाबतीत मी कडक बोलणार आहे. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध मोडून टाकणारी विकरं मांजराच्या यकृतात फार तोकडी असतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरलं जाणारं पर्मेथ्रीन त्याच कारणानं मांजराला झटके आणतं. बैलावर गोचिडाचं औषध मारलेल्या हातानं पाटी उचलू नका. ज्या मांजराला प्रवास अजिबात सोसत नाही त्याच्यासाठी पशुवैद्य गॅबापेंटिन देतात. 2017 मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत प्रवासाआधी दिलेल्या एका मात्रेनं मांजरांचा ताण उतरलेला दिसला. मात्रा मात्र पशुवैद्यानंच ठरवायची. रेबीजची लस निघण्याच्या निदान महिनाभर आधी टोचून घ्या, तळावर भटकी कुत्री असतात.

इतकं करूनही माझं मत असं की ऊसतोडीच्या तळावर मांजर न नेलेलंच बरं. कोपीला दार नसतं, पाचटाला केव्हाही आग लागू शकते आणि फडाच्या आसपास उंदरांसाठी विष ठेवलेलं असतं. ते खाल्लेला उंदीर मांजरानं धरला की मांजरही जातं. गावी आजी-आजोबा राहत असतील तर त्यांच्यापाशी, त्याच ओसरीवर, ते सुखात राहतं.

पण घराला कुलूपच लागणार असेल तर न्यावंच लागतं. मग पहिले दोन-तीन आठवडे नवी जागा त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत मोकळं सोडू नये. कोपीत एका कोपऱ्यात आडवं पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या 2014 च्या अभ्यासात निवाऱ्यात नव्यानं आलेल्या ज्या मांजरांना दडायला खोकं मिळालं ती तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत इतरांपेक्षा ठळकपणे स्थिरावली. तरीही सुटलंच तर लांब धावत सुटू नका. हरवलेल्या 1,210 मांजरांच्या 2018 मधल्या अभ्यासात सापडलेल्यांपैकी तीनचतुर्थांश पळाल्या जागेपासून 500 मीटरच्या आत होती. भेदरलेलं मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही, त्यामुळे हाका मारत बसण्यापेक्षा वैरणीचे ढीग, गाडीखालची जागा आणि शेजारची प्रत्येक कोपी हातानं धुंडाळावी. रात्री बॅटरी जमिनीलगत फिरवली की डोळे चमकतात. टोळी दुसऱ्या तळावर हलायची असेल तर मुकादमाला आधी विचारून ठेवा आणि मांजर आदल्या संध्याकाळीच पाटीत घ्या, सकाळी गाडीचं इंजिन सुरू झाल्यावर ते हाती लागत नाही.