ब्रिज बसवला, आता पुढे?

दाढ काढली, ब्रिज बसवला, की बहुतेकींना वाटतं, चला, एक काम संपलं! पैसेही बरेच मोजलेले असतात. आणि खोट्या दाताला थोडीच कीड लागणार? लागत नाही, हे खरं. पण तो उभा असतो शेजारच्या खऱ्या दातांच्या आधारावर. ते दात घासून त्यांवर कॅप चढवलेली असते, आणि कॅप जिथे हिरडीपाशी संपते तिथूनच कीड आत शिरते. त्या दाताचं रूट कॅनाल झालेलं असेल तर दुखतही नाही. कळतं तेव्हा अख्खा ब्रिज हलायला लागलेला असतो.

म्हणून जपायचं ते कॅपच्या कडेला आणि खोट्या दाताच्या पोटाखाली. आपल्या नागपूरचं खाणं आठवून पहा ना! वडीतला सांबार, संत्र्याच्या फोडीचे धागे, सावजी मटणाचे तंतू, सगळं नेमकं तिथेच जाऊन बसतं. साधा ब्रश पोचत नाही. ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले, त्यामुळे फ्लॉसचा दोरा वरून उतरत नाही. तो बाजूने, खोट्या दाताखालून ओवून घ्यावा लागतो. त्यासाठी प्लॅस्टिकची लवचिक सुई मिळते, कडक टोकाचा दोराही मिळतो. भरतकाम येणारीला चार दिवसांत जमेल. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी मात्र नको गं बाई!

हिरडीतून रक्त आलं की आपण तिथे ब्रश लावणंच सोडतो. हे उलटं झालं. रक्त येतं ते बहुधा साचलेल्या मळाने हिरडी सुजते म्हणून. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून हलक्या हाताने घासावं. आठ-दहा दिवसांत थांबलं नाही तर दाखवावं. मिठाच्या कोमट पाण्याने बरं वाटतं, पण मळ निघत नाही. मशेरी, खर्रा यांनी तर हिरडीचा आजार वाढतो, आणि रक्त कमी आल्याने लपूनही राहतो. गरोदरपणी आणि मधुमेहात जास्तच जपावं.

खरी अडचण वेळेची. ओटा पुसेपर्यंत अकरा वाजतात, मग कुठला ब्रश! पण झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं घासणं चुकवू नये. जेवण झाल्यावर, दूध विरजायच्या आधीच उरकून टाकावं. मग उरलंसुरलं तोंडात टाकणंही आपोआप बंद!

सहा महिन्यांनी तपासून घ्यावं. मेडिकलच्या आवारात १९६८ पासूनचं शासकीय दंत महाविद्यालय आहेच. तोंडाला वास, वाईट चव, चावताना हालचाल जाणवली तर लगेच जावं. ब्रिज निघालाच तर घरी चिकटवू नये. डबीत घालून सोबत न्यावा.